डोळ्यांचे लक्ष आणि कानांचे लक्ष: खिसा एकच की दोन?

अक्कलकोट_रोड (धागाकर्ता)

माणसाला एका वेळी किती गोष्टींकडे लक्ष देता येते याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा प्रश्न त्याहून अरुंद आहे. पाहण्यासाठी लागणारे लक्ष आणि ऐकण्यासाठी लागणारे लक्ष एकाच खिशातून खर्च होते, की डोळ्यांचा खिसा वेगळा आणि कानांचा वेगळा असतो?

प्रश्न पडण्याचे कारण माझा व्यवसाय आहे. सोलापूरच्या एमआयडीसीत माझा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. तेथील एक अनुभवी कारागीर एका मागावर वाकून तुटलेली तार जोडत असतो आणि त्याच वेळी पाठीमागच्या मागाचा ठोका किंचित बदलला, तर मान वर न करता हाताने खूण करून मदतनिसाला तिकडे पाठवतो. डोळे एका कामात आणि कान दुसऱ्या कामात, आणि दोन्ही कामे बिनचूक. मात्र हाच मनुष्य कानात इअरफोन घालून फोनवर बोलत दुचाकी चालवतो, तेव्हा अशोक चौकातील लाल दिवा समोर असूनही त्याला दिसत नाही, असे त्याच्या मागे बसणारे सहकारी सांगतात. डोळे रस्त्यावर, कान फोनवर. मग येथे बिघडते कुठे? जाणकारांनी आणि अनुभवींनी लिहावे.

कडक_भाकरी

आमच्या घरी कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचे काम जो मोबाईल पाहत नसेल त्याच्याकडे सोपवण्याचा नियम आहे, त्यामुळे गेली काही वर्षे ते काम अखंडपणे आजीकडे आहे.

सात_रस्ता

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे प्रतिसाद लांबेल, याबद्दल आधीच क्षमा मागतो.

या विषयाचा आधुनिक अभ्यास कानांपासून सुरू झाला. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी श्रोत्यांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एका कानातील मजकूर ऐकता ऐकता मोठ्याने म्हणत राहण्यास सांगितले. दुसऱ्या कानातील मजकूर मध्येच इंग्रजीतून जर्मनमध्ये गेला तरी श्रोत्यांना त्याचा पत्ता नव्हता. पुरुषाच्या आवाजाच्या जागी स्त्रीचा आवाज आला किंवा नुसताच सूर वाजला, तर मात्र ते कळत होते. आवाजाचा पोत आत पोहोचत होता, अर्थ पोहोचत नव्हता. यावरून डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ मध्ये गाळणीचा सिद्धांत मांडला: इंद्रियांकडून पुष्कळ काही येते, पण अर्थ लावणारी वाट अरुंद असल्यामुळे तिच्या तोंडाशी निवड होते.

लगेच १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी दाखवले की दुर्लक्षित कानात श्रोत्याचे स्वतःचे नाव उच्चारले, तर सुमारे एक तृतीयांश श्रोत्यांना ते ऐकू येते. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाळण्यांचा, भोंग्यांचा आणि विक्रेत्यांचा कल्लोळ चालू असताना कोणी आपले नाव घेतले की आपण वळून पाहतो, तो हाच प्रकार. फक्त प्रयोग सांगतो की तीनांपैकी दोघे वळत नाहीत, आणि जे वळत नाहीत त्यांना आपण वळलो नाही हे कधीच कळत नाही. ॲन ट्रीझमन यांनी त्यानंतर गाळणीच्या कल्पनेत बदल केला: दुर्लक्षित गोष्ट पूर्णपणे अडवली जात नाही, ती क्षीण होऊन आत येते, आणि स्वतःच्या नावासारख्या महत्त्वाच्या शब्दाला तेवढी क्षीण चाहूलही पुरते.

भुईकोट

सरांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे. पण धागाकर्त्यांनी विचारले होते डोळा विरुद्ध कान, आणि उत्तर मिळाले डावा कान विरुद्ध उजवा कान. दोन मजकूर एकाच इंद्रियातून आले तर ते एकमेकांना अडवणारच, यात नवल कसले? शिवाय परदेशी विद्यापीठात इअरफोन लावून बसवलेले विद्यार्थी आणि पाळीवर उभा असलेला आपला कारागीर यांची तुलना कितपत करावी, हाही प्रश्न आहे.

विजापूर_वेस

भुईकोट यांच्याशी सहमत. वाचत आहे.

सात_रस्ता

आक्षेप रास्त आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. याच प्रश्नावर संशोधकांमध्येही एकमत नव्हते, आणि मला तोच भाग सर्वाधिक रोचक वाटतो.

पडद्यावर एकामागून एक अक्षरे वेगाने दाखवली आणि त्यांतील दोन ठरावीक अक्षरे ओळखण्यास सांगितले, तर पहिले ओळखल्यानंतर सुमारे अर्ध्या सेकंदाच्या आत आलेले दुसरे अक्षर बऱ्याचदा निसटते. डोळे उघडे असतात, अक्षर दृष्टिपटलावर उमटते, पण मनापर्यंत जात नाही. १९९७ मध्ये जॉन डंकन आणि सहकाऱ्यांनी पहिले लक्ष्य डोळ्यांसाठी आणि दुसरे कानांसाठी ठेवले, तेव्हा ही गळती जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे खिसे दोन. परंतु १९९९ मध्ये करेन आर्नेल आणि पिएर जोलिकर यांनी वेगळ्या मांडणीत दाखवले की पाहणे आणि ऐकणे यांच्यातही गळती होते. म्हणजे खिसा एक.

या दोन्ही निष्कर्षांचा मेळ बऱ्याच अंशी असा बसतो: प्रकाशाचा ठिपका उजळ आहे की मंद, सूर उंच आहे की खालचा, अशा साध्या भेदांसाठी डोळे आणि कान यांची तरतूद बरीचशी स्वतंत्र आहे, पण जे पाहिले किंवा ऐकले त्याचा अर्थ लावून, ते ध्यानात ठेवून, त्यावर निर्णय घ्यायचा असेल, तर दोघांनाही एकाच अरुंद दारातून जावे लागते. हॅरोल्ड पॅशलर यांनी या दारावर पुष्कळ काम केले. दिवा दिसला की बटण दाबायचे आणि सूर ऐकला की शब्द बोलायचा, अशी दोन कामे लागोपाठ आली तर दुसरे काम ताटकळते, जरी एकात डोळा व हात आणि दुसऱ्यात कान व तोंड वापरलेले असले तरी.

पूर्वभागातला

येथे अवधानकलेचा, म्हणजे एकाच वेळी अनेक कामे मनात सांभाळण्याच्या कलेचा, उल्लेख झाल्याशिवाय चर्चा अपुरी राहील. आम्हा पूर्व भागातील तेलुगू घरांमध्ये अष्टावधानाचे कौतुक आजोबांच्या पिढीपासून ऐकत आलो आहोत. एका अवधानीभोवती, म्हणजे ही कला सादर करणाऱ्याभोवती, आठ पृच्छक (प्रश्न विचारणारे) बसतात. एक जण समस्या, म्हणजे पद्याची एक ओळ, देतो आणि तिच्यावर छंदोबद्ध पद्य पूर्ण करून मागतो, दुसरा चार शब्द देऊन ते पद्यात गुंफण्यास सांगतो, तिसरा प्रत्येक टप्प्यावर एखादे अक्षर निषिद्ध ठरवतो, आणि हे चालू असताना कोणी तरी मधूनमधून घंटा वाजवतो. एकूण किती ठोके पडले ते शेवटी सांगायचे असते. आंध्रात तिरुपती वेंकट कवुलू या जोडीने ही कला लोकप्रिय केली. आपल्याकडे मुंबईत श्रीमद् राजचंद्र यांनी १८८७ च्या सुमारास, वयाच्या विशीत पोहोचण्यापूर्वी, शतावधानाचे प्रयोग केले होते. एकच अरुंद दार असेल, तर ही माणसे त्यातून आठ किंवा शंभर गोष्टी कशा नेतात?

भुईकोट

अवधानींबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो की ते आठ गोष्टींकडे एकाच क्षणी लक्ष देत नाहीत. पद्य एका दमात पुरे होत नाही. प्रत्येक फेरीत एकेक चरण सांगितला जातो आणि अवधानी पुढच्या पृच्छकाकडे वळतो. येथे अचाट आहे ती स्मरणशक्ती आणि अर्धवट सोडलेले काम नेमके तेथूनच उचलण्याची हातोटी. शेवटी सर्व पद्ये पुन्हा म्हणून दाखवण्याच्या भागाला धारणा म्हणतात, यावरूनही खरी कसोटी कशाची आहे ते दिसते.

पूर्वभागातला

पृच्छक पाळी पाळतात हे मान्य; पण घंटा पाळी पाळत नाही. ती चरण रचत असतानाच वाजते.

सात_रस्ता

दोघांचेही म्हणणे खरे आहे. घंटेचा ठोका ही साधी, अर्थ न लावता ओळखता येणारी घटना आहे. तिची नोंद घेण्यासाठी दारातून जावे लागते ते संख्येत एकाची भर घालण्यापुरते, आणि सरावलेल्या माणसाला तेवढी सवड दोन शब्दांच्या मध्ये मिळते. याउलट अष्टावधानात अप्रस्तुत प्रसंग नावाचे एक अंग आहे, ज्यात एक पृच्छक भलतेसलते, पण गमतीचे प्रश्न विचारून अवधानीला विचलित करतो आणि त्याला उत्तरेही द्यावी लागतात. परंपरेने व्यत्ययासाठी ढोल निवडला नाही, अर्थपूर्ण बोलणे निवडले, हे मला फार मार्मिक वाटते.

सरावाबद्दल एक भर. १९७२ मध्ये ऑलपोर्ट आणि सहकाऱ्यांनी असे पियानोवादक घेतले ज्यांना नवी स्वरलिपी पाहून थेट वाजवता येत होते, आणि त्यांना त्याच वेळी कानात ऐकू येणारा गद्य मजकूर मोठ्याने म्हणण्यास लावले. थोड्याच सरावानंतर दोन्ही कामे एकेकटी केल्यासारखीच होऊ लागली. दृष्टी ते हात आणि कान ते तोंड या दोन वाटा पुरेशा घोटलेल्या असतील, तर त्या शेजारी शेजारी चालू शकतात.

माळढोक

थोडे वेगळे निरीक्षण नोंदवतो. नान्नजच्या माळरानावर पक्षी पाहताना डोळे आणि कान मला कधीच प्रतिस्पर्धी वाटले नाहीत. गवताच्या रंगात मिसळलेला चंडोल आधी कानाला सापडतो आणि मग डोळ्यांना. नुसते डोळ्यांनी शोधणारा नवखा तेथेच उभा असून काहीच पाहत नाही.

सात_रस्ता

माळढोक यांच्या निरीक्षणाला आधार आहे. २००० साली मॅकडोनाल्ड, टेडर-सॅलेयार्वी आणि हिल्यार्ड यांनी दाखवले की एखाद्या जागेहून अचानक आवाज आला, तर त्याच जागी लगेच चमकलेला अंधुक प्रकाश अधिक अचूकपणे ओळखता येतो. मात्र आवाज आणि दृश्य एकाच जागेचे असले पाहिजेत. फोनवरचा आवाज रस्त्यावरील कोणत्याच जागेचा नसतो.

विजापूर_वेस

आता दुचाकीचाच विषय निघाला आहे, तर एक शंका विचारते. फोन हातात धरलेला नसेल, तर नियमाच्या दृष्टीने आणि डोळ्यांच्या दृष्टीनेही अडचण कोणती? गाडीत एफएम ऐकणारे आणि शेजारच्याशी गप्पा मारणारे असंख्य चालक आहेत.

सात_रस्ता

याचे उत्तर डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांत मिळते. २००१ मध्ये स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी वाहनचालनासारखे काम करणाऱ्यांना फोनवर बोलण्यास लावले. त्यांच्याकडून सिग्नल चुकण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले आणि प्रतिक्रियाही मंदावली. फोन हातात असो वा नसो, फरक पडला नाही. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांच्या बाबतीत असे झाले नाही, कारण रेडिओला उत्तर द्यावे लागत नाही आणि तो वाटेल तेव्हा मनातून सोडता येतो. पुढच्या प्रयोगांत चालकांचे डोळे रस्त्याकडेच्या फलकांवर स्थिरावले होते याची उपकरणाने नोंद झाली, तरी फोनवर बोलणाऱ्यांना ते फलक नंतर फारसे ओळखता आले नाहीत. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र समोरचा ट्रक दिसतो आणि तो आपोआप गप्प होतो. फोनवरील माणूस प्रश्नच विचारत राहतो.

कडक_भाकरी

आमच्याकडील मागे बसणारी मंडळी ट्रक पाहून गप्प होत नाहीत, ती ट्रकबद्दल बोलू लागतात. हा सोलापुरी अपवाद सरांनी नोंदवावा.

रुळावरचा

मी रेल्वेत लोको पायलट म्हणून काम केले आहे. आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

सिग्नल दिसताच सहायकाने आणि मी त्याचा रंग मोठ्याने पुकारायचा, हा नियम आहे. नव्या मुलांना तो सुरुवातीला पोरकट वाटतो. त्याचे मर्म असे की डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तोंडाने बोलावी लागली आणि दुसऱ्याच्या तोंडून कानानेही ऐकली, की ती नुसती नजरेखालून सरकून जात नाही; सर म्हणतात त्या दारातून तिला जावेच लागते. जपानी रेल्वेत बोटाने दाखवणे आणि पुकारणे अशी दोन्ही जोडतात, आणि तेथील रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत साध्या कामातील चुका त्यामुळे सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या होत्या.

दुसरी गोष्ट इंजिनातील दक्षता यंत्राची. चालकाने ६० सेकंदांत हॉर्न, ब्रेक किंवा तत्सम काहीच हाताळले नाही, तर आधी दिवा लुकलुकतो. ८ सेकंदांत पोच दिली नाही तर भोंगा वाजू लागतो. आणखी ८ सेकंद गेली की ब्रेक आपोआप लागतात. आधी डोळ्यांना आणि मग कानांना, हा क्रम सकारण असावा. जागा असलेल्या माणसाला दिव्याने उगाच दचकायला होत नाही, आणि ज्याचे डोळे मिटले आहेत किंवा भलतीकडे गुंतले आहेत त्याला भोंगा गाठतो, कारण कानाला पापणी नसते.

सात_रस्ता

रुळावरचा यांचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवण्यासारखा आहे. फक्त शेवटच्या वाक्याला एक पुरवणी जोडतो. कानाला पापणी नसली तरी कान बंद पडू शकतो. २०११ मध्ये मॅकडोनाल्ड आणि निली लावी यांनी दाखवले की डोळ्यांना सूक्ष्म भेद ओळखण्याचे अवघड काम दिले, तर त्या वेळी वाजलेला स्पष्ट सूर बहुतेकांना ऐकूच येत नाही. काम सोपे असेल तर ऐकू येतो. चेंडूफेक मोजणाऱ्या निम्म्या प्रेक्षकांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातील माणूस दिसला नाही, हा सायमन्स आणि शॅब्री यांचा १९९९ चा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. ही त्याची श्रवणातील बाजू.

कानसेन

श्रवणतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, आणि त्या धागाकर्त्यांच्या कारखान्याशी संबंधित आहेत.

पहिली अशी की कालाच्या बाबतीत कान डोळ्यापेक्षा फार तल्लख आहे. सलग आवाजातील दोन-तीन मिलिसेकंदांची फटसुद्धा निरोगी कानाला जाणवते. त्यामुळे ठोक्यातील फरक हेरण्यासाठी कारागिराने कान वापरावा, डोळा नव्हे, हे स्वाभाविकच आहे. आपण ज्याला लक्ष म्हणतो त्याचा फारसा खर्च तेथे होत नाही. ठरावीक लय मोडली की मेंदू स्वतःच खडबडून जागा होतो.

दुसरी गोष्ट चिंतेची आहे. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे आणि मागांच्या दाटीत ती ओलांडली जाणे अवघड नाही. अशा आवाजाने होणारी हानी सहसा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. आरंभी माणसाला वाटते की आपल्याला सर्व ऐकू येते. पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजने विरू लागतात आणि गर्दीतील बोलणे कळण्यासाठी त्याला मोठी मानसिक किंमत मोजावी लागते. तेवढे लक्ष मग पाहण्यासाठी उरत नाही. वयस्कर मंडळी लग्नाच्या पंगतीत गप्प बसतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते, आणि घरचे लोक त्यांना विक्षिप्त म्हणतात.

मागांच्या गोंगाटात कामगार ओठ वाचतात हे मी अनेकांकडून ऐकले आहे. लँकेशायरच्या कापड गिरण्यांमध्ये तर त्याची वेगळी बोलीच तयार झाली होती. ही सवय निव्वळ निरुपाय नव्हे. १९७६ मध्ये मगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी दाखवले की कानात बा वाजवला आणि पडद्यावरील ओठ गा म्हणत असले, तर अनेकांना दा ऐकू येतो. बोलणे आपण नेहमीच डोळ्यांनीही ऐकत असतो.

भुईकोट

मग माझा मुलगा गाणी ऐकत पाठांतर करतो त्याचे काय? त्याचा युक्तिवाद असा की पुस्तक डोळ्यांचे आणि गाणे कानांचे.

सात_रस्ता

युक्तिवाद हुशारीचा आहे, पण पाठांतर डोळ्यांनी होत नाही. वाचलेले आकडे किंवा शब्द आपण मनातल्या मनात उच्चारून धरून ठेवतो, म्हणजे ते तत्काळ ध्वनीच्या प्रांतात जातात. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श यांनी पाहिले की न कळणाऱ्या परक्या भाषेतील बोलणे कानावर पडत असले तरी दृश्य अक्षरांचे क्रमवार स्मरण बिघडते. शब्द असलेले गाणे पाठांतराला नक्कीच बाधते. चित्रे काढताना किंवा आलेखाच्या रेघा मारताना त्याने खुशाल ऐकावे.

अक्कलकोट_रोड (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मला समजले ते असे: आमचा कारागीर ठोका ऐकतो तेव्हा त्याला अर्थ लावावा लागत नाही आणि तार जोडणे त्याच्या बोटांना पाठ आहे, फोनवर मात्र त्याला समजून घेऊन उत्तर द्यायचे असते, आणि चौकातही निर्णय घ्यायचा असतो. म्हणजे खिसे वरून दोन दिसतात, आत अस्तर एकच आहे.

आता व्यवहाराचा प्रश्न. काही मागांवर तार तुटल्याची सूचना देणारी व्यवस्था बसवायची आहे. दिवा लावावा की भोंगा?

रुळावरचा

दोन्ही लावा, पण एकाच क्षणी नको. आणि प्रत्येक मागाला वेगळा भोंगा तर मुळीच नको. सतत वाजणाऱ्या भोंग्याकडे माणूस आठवडाभरात दुर्लक्ष करायला शिकतो.

सात_रस्ता

एकाच क्षणी नको, याला दुजोरा. १९७४ मध्ये कोलाविटा यांनी दिवा आणि सूर एकदम दिले, तेव्हा लोकांनी जवळजवळ प्रत्येक वेळी केवळ दिव्याचे बटण दाबले, आणि सूर वाजलाच नाही असे काहींनी नंतर सांगितले.

कानसेन

भोंगा निवडण्यापूर्वी कारागिरांची श्रवणचाचणी करून घ्या, ही विनंती. बाजारातील बरेच बझर तीन-चार हजार हर्ट्झच्या पट्टीत वाजतात, म्हणजे दीर्घकाळ मागावर काम केलेल्या माणसाचा कान जेथे आधी जातो, नेमके तेथेच.

अक्कलकोट_रोड (धागाकर्ता)

हे ध्यानात आले नव्हते. चाचणी पाळी सुरू होण्यापूर्वी करावी की संपल्यावर?

कानसेन

सुरू होण्यापूर्वी, आणि शक्यतो साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी. पाळी संपल्यावर कान काही तास तात्पुरते बधिर असतात, त्यामुळे कायमची हानी किती आणि त्या दिवसाची किती हे निराळे काढता येत नाही.